प्रकाशाचे औचित्य : व्हिडिओ खेळांतील प्रकाश-मॉड्सची निवड

१

जयगडच्या भूशिरावरील दीपगृह खलाशाला काय देते, असा प्रश्न केल्यास 'उजेड' हे उत्तर चटकन सुचते. परंतु ते अपुरे आहे. त्या उजेडात खलाशी काही वाचीत नाही, आणि शास्त्री नदीच्या मुखावरील पाणीही त्याने उजळून निघत नाही. खलाशी ओळखतो तो झोताचा क्रम : किती वेळ प्रकाश, किती वेळ अंधार, आणि पुन्हा प्रकाश केव्हा. प्रत्येक दीपगृहाला असा स्वतंत्र कालक्रम नेमून दिलेला असतो व त्यावरूनच एक दीपगृह दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येते. दिवा कितीही प्रखर केला, पण हा क्रम बिघडू दिला, तर दीपगृह म्हणून त्याचे प्रयोजन संपते. प्रकाशाचे मूल्य त्याच्या प्रखरतेइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या कालगत रचनेत असू शकते. व्हिडिओ खेळांतील प्रकाशाविषयी जी चर्चा चालते तीत नेमकी हीच गोष्ट दुर्लक्षित राहिलेली दिसते.

मूळ खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर त्याच्या चाहत्यांनी किंवा अन्य कारागिरांनी त्यात केलेल्या फेरफाराला 'मॉड' ही संज्ञा रूढ आहे. अशा फेरफारांपैकी दिवे, सूर्य, सावल्या, धुके, परावर्तन यांच्याशी संबंधित असलेल्या मॉड्सचा एक मोठा वर्ग आहे. त्यांपैकी कोणते निवडावे, हा प्रश्न बहुधा तराजूच्या रूपात मांडला जातो. एका पारड्यात दृश्याचे सौंदर्य, दुसऱ्यात यंत्राची गती. पहिले वाढले की दुसरे घटणारच, तेव्हा मधला काटा शोधावा, असा या मांडणीचा आशय असतो. ही मांडणी व्यवहारात सोयीची आहे. पण तिच्या मुळाशी असलेले गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे.

२

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात त्यांनी कलाकृतीतील घटकांच्या संघटनेसंबंधी संवाद, विरोध आणि समतोल असे तीन लयनियम प्रतिपादिले. कलाकृतीचे मूल्यमापन तिच्या माध्यमातील संवेदनांच्या परस्परसंबंधांवरून व्हावे, बाहेरच्या लौकिक उपयुक्ततेवरून होऊ नये, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. हा विचार वरवर लावला तर निष्कर्ष सरळ निघतो : यंत्राची गती ही लौकिक बाब, दृश्य ही सौंदर्याची बाब, गतीची चिंता तंत्रज्ञाने करावी, समीक्षकाने करू नये.

परंतु मर्ढेकरांचा विचार खोलवर लावला तर निष्कर्ष उलटा येतो. प्रत्येक कलेचे माध्यम कोणते, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. तोच प्रश्न व्हिडिओ खेळाला विचारला तर 'चित्र' हे उत्तर पुरत नाही. खेळातील चित्र हाताच्या क्रियेला उत्तर म्हणून उमटते. बटण दाबणे आणि पडद्यावर बदल दिसणे यांमधील अंतर हेही अनुभवाचाच भाग असते. फ्रेमांमागून फ्रेमा ज्या अंतराने येतात ते अंतर डोळ्याला आणि हाताला जाणवते. ते सम असेल तर हालचाल सलग वाटते, विषम असेल तर अडखळते. म्हणजे गती ही सौंदर्याबाहेरची अट न राहता त्या माध्यमाच्या लयीचे अंग ठरते. समतोल साधावयाचा तो सौंदर्य आणि गती यांच्यात नव्हे. एकाच सौंदर्याच्या अवकाशगत आणि कालगत अशा दोन अंगांमध्ये तो साधावयाचा आहे.

हे मान्य केले की, प्रकाश-मॉड्सची प्रचलित पारख किती एकांगी आहे ते ध्यानात येते. ही पारख बहुतांशी स्थिर छायाचित्रांवरून केली जाते : डाव्या बाजूस मूळ दृश्य, उजव्या बाजूस मॉड लावलेले. स्थिर चित्रात काल नसतो. जे मॉड सेकंदाला वीस फ्रेमांवर धापा टाकते तेही छायाचित्रात निर्दोष दिसते. नाटकाची समीक्षा केवळ नेपथ्याच्या छायाचित्रावरून करावी, तसाच हा प्रकार होय.

३

प्रकाश-मॉड्सचे, ती प्रकाशाच्या कोणत्या टप्प्यावर हात घालतात त्यावरून, तीन वर्ग पाडता येतात. 'द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम' (२०११, विशेष आवृत्ती २०१६) या खेळाभोवती मॉड्सची जी दीर्घ परंपरा निर्माण झाली तीत या वर्गांची उदाहरणे सापडतात.

पहिला वर्ग तयार चित्रावर संस्कार करणाऱ्यांचा. 'रीशेड' हे त्याचे प्रसिद्ध साधन. खेळाने फ्रेम पूर्ण केल्यावर ते तिचे रंग, छायाभेद, तीक्ष्णता बदलते. पडद्यावरील वस्तू किती दूर आहेत याची माहिती उपलब्ध असल्यास कोपऱ्यांत कृत्रिम सावलीही भरते. पण पडद्याबाहेर काय आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून दृश्य वळताच कडेच्या सावल्या उगवतात किंवा मावळतात. त्याचा खर्च मुख्यतः पडद्यावरील बिंदूंच्या संख्येवर अवलंबून असतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, तर ३८४० × २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. हा खर्च प्रसंगानुसार फारसा बदलत नाही, आणि म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो, हे या वर्गाचे बलस्थान.

दुसरा वर्ग खेळातील दिव्यांची फेरमांडणी करणाऱ्यांचा. मूळ 'स्कायरिम'मधील अनेक घरांत आणि गुहांत उजेड असतो, पण तो कोठून येतो हे दिसत नाही. हवेतच एक अनामिक प्रभा पसरलेली असते. 'रीलायटिंग स्कायरिम' हे मॉड अशा दिव्यांना उचलून मेणबत्ती, मशाल, चूल अशा दृश्य उगमांपाशी नेऊन ठेवते व एकंदर उजेड फारसा बदलत नाही. 'एन्हान्स्ड लाइट्स अँड एफ्एक्स' हे मॉड याहून पुढे जाते. निराधार प्रभा काढून टाकून ते कोपऱ्यांना अंधार परत देते. या वर्गात गणिताचा बोजा बेताचा असतो. मात्र सावली टाकणारे दिवे वाढविले की तो झपाट्याने वाढतो, कारण अशा प्रत्येक दिव्यासाठी दृश्य त्या दिव्याच्या ठिकाणाहून पुन्हा एकदा रेखाटावे लागते. मूळ 'स्कायरिम'मध्ये सावली टाकणारे दिवे एका वेळी चारपेक्षा अधिक चालत नाहीत. ही मर्यादा न ओळखता दिव्यांची गर्दी केली तर सावल्या अचानक नाहीशा होतात आणि लुकलुकाट सुरू होतो. घरांतील सामान बदलणारी अन्य मॉड्स सोबत असतील, तर जेथे मेणबत्ती उरलेलीच नाही तेथे तिचा उजेड मात्र राहतो, अशी विसंगतीही उद्भवते. तिच्यासाठी जोडणारे छोटे मॉड स्वतंत्रपणे घालावे लागते.

तिसरा वर्ग प्रकाशाची गणना बदलणाऱ्यांचा. बोरिस वोरोन्त्सोव यांची 'ईएन्‌बी' ही मालिका पहिल्या व तिसऱ्या वर्गांच्या सीमेवर उभी आहे. 'क्वेक २ आरटीएक्स' (२०१९) किंवा 'पोर्टल विथ आरटीएक्स' (२०२२) ही तिसऱ्या वर्गाची निखळ उदाहरणे होत. १९९७ च्या मूळ 'क्वेक २' मध्ये भिंतींवरून उसळणाऱ्या प्रकाशाचा हिशेब खेळ तयार होतानाच करून तो भिंतींवर चिकटविलेला असे. खेळताना यंत्राला तो फक्त वाचावा लागे. २०१९ च्या आवृत्तीत तोच हिशेब किरणांचा माग काढून दर फ्रेमला नव्याने होतो. लाभ असा की, दार उघडले, सूर्य सरकला, गोळा फुटला, तर प्रकाशही बदलतो. किंमत अशी की, त्यासाठी किरणगणनेची क्षमता असलेले ग्राफिक्स कार्ड लागते.

४

या तीन वर्गांपैकी श्रेष्ठ कोणता, असे विचारणे व्यर्थ आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याची जी कसोटी मांडली तीच येथे अधिक उपकारक ठरते : जे जेथे शोभते ते तेथे भूषण, तेच अन्यत्र हास्यास्पद. औचित्य ठरवावयाचे तर त्या खेळात प्रकाशाचे कार्य काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

'माइनक्राफ्ट'मध्ये प्रकाश हा केवळ देखावा नसून नियम आहे. तेथे प्रकाशाच्या ० ते १५ अशा पायऱ्या आहेत; मशालीची पायरी १४. २०२१ अखेर आलेल्या १.१८ या आवृत्तीपासून सामान्य भूमीवर वैरी प्राणी केवळ शून्य पायरीच्या जागी उपजतात. त्यापूर्वी ते ७ व त्याखालील पायऱ्यांवर उपजत. शेडर घालून या जगाला जलतरंग, मऊ सावल्या आणि संध्याकाळची आभा देता येते. परंतु शेडर नियमाला स्पर्श करीत नाही. परिणामी, शेडरने गडद केलेली जागा नियमानुसार सुरक्षित असू शकते, आणि चांदण्यासारखी उजळलेली जागा धोक्याची. डोळा एक सांगतो, खेळ दुसरेच करतो. असे मॉड कितीही नयनमनोहर असले तरी ते खेळाशी खोटे बोलते, असे म्हणावे लागते. 'सिल्डर्स व्हायब्रंट शेडर्स'सारखी पॅक्स हलक्यापासून अतिभारीपर्यंत अनेक श्रेणींत मिळतात. त्यांतून निवड करताना फ्रेमांचा आकडा जितका पाहावा तितकेच अंधाराची दृश्य पायरी आणि नियमाची पायरी यांचे नाते टिकते की नाही, हेही पाहावे.

'स्कायरिम'मध्ये लपून जाणाऱ्या पात्राची चाहूल लागणे हे अंशतः त्याच्यावर पडलेल्या उजेडावर अवलंबून असते. तयार चित्र काळवंडणारे मॉड या हिशेबात शिरत नाही. खेळाडूला वाटते की तो अंधारात आहे, पहारेकऱ्याच्या लेखी मात्र तो उजेडात उभा असतो. उलटपक्षी, प्रत्यक्ष दिवे हलविणारे मॉड देखावा आणि नियम दोन्ही एकाच वेळी बदलते. आणखी एक सूक्ष्म परिणाम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. निराधार प्रभा गेली की, गुहेत मशाल पेटवावी लागते. मशाल डाव्या हातात धरली की त्या हातात ढाल राहत नाही. उजेडासाठी संरक्षण सोडावयाचे, की संरक्षणासाठी अंधार पत्करावयाचा, असा खरा पेच उभा राहतो. मूळ खेळात मशाल होतीच. तिला अर्थ दिला तो या अंधाराने. यंत्रावर नाममात्र बोजा टाकून साधलेला हा परिणाम महागड्या परावर्तनांनी साधलेल्या झगमगाटापेक्षा सौंदर्यदृष्ट्या वरचढ आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत तो विरोधलयीचा परिणाम होय.

याउलट 'पोर्टल विथ आरटीएक्स'चे उदाहरण घ्यावे. २००७ च्या मूळ 'पोर्टल'मधील चाचणीदालने सपाट, पांढरट, जवळजवळ सावलीहीन होती. रुग्णालयातील निर्विकारपणा त्यांच्यात होता, आणि त्या खेळातील थंड क्रौर्याला तो साजेसा होता. नव्या आवृत्तीत किरणांचा हिशेब अधिक खरा झाला, पण खोल सावल्या आणि चकाकत्या फरश्या यांनी तीच दालने नाट्यमय झाली. भौतिकदृष्ट्या अचूक प्रकाश हा कलादृष्ट्या उचित प्रकाश असतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

५

आता कालाचा हिशेब. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. मॉडचा खर्च 'इतक्या फ्रेमा कमी होतात' असा सांगण्याचा प्रघात आहे. तो फसवा आहे. खर्च फ्रेमांत न मोजता मिलिसेकंदांत मोजावा. सेकंदाला ६० फ्रेमा हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० हव्या असतील तर सुमारे ३३.३. एखादे मॉड दर फ्रेमला ४ मिलिसेकंद घेते असे समजा. ज्या यंत्रावर मूळ फ्रेम ८ मिलिसेकंदांत होत होती तेथे ती १२ मध्ये होईल. म्हणजे १२५ वरून सुमारे ८३ फ्रेमा. आकडा बराच उतरला, पण ६० ची मर्यादा सांभाळली गेली. ज्या यंत्रावर मूळ फ्रेम १५ मिलिसेकंदांत होत होती तेथे ती १९ मध्ये होईल; सुमारे ६७ वरून ५३. येथे उतार लहान दिसतो, पण मर्यादा मोडली. सेकंदाला ६० वेळा ठराविक ठेक्याने ताजा होणारा पडदा असेल आणि चित्र फाटू नये म्हणून यंत्र त्याच्या ठेक्याला बांधलेले असेल, तर उशिरा आलेली फ्रेम पुढील ठेक्याची वाट पाहते व आधीचीच फ्रेम दोनदा दिसते. ठेका चुकतो तो येथे.

म्हणून सरासरीवर विसंबणे धोक्याचे. तबल्याची सरासरी लय बरोबर होती, असे म्हणून ताल चुकल्याचे समर्थन कोणी करीत नाही. मॉडची चाचणी उघड्या माळावर न करता खेळातील सर्वांत जड जागी करावी : गर्दीचा बाजार, पाऊस, अनेक मशालींची रात्र. आणि तेथे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमा किती वेळ घेतात ते पाहावे. ४० आणि ६० यांच्यामध्ये हेलकावे खाणाऱ्या गतीपेक्षा ३० ला बांधलेली अढळ गती पुष्कळदा अधिक सुखद वाटते, विशेषतः ज्या खेळात रमतगमत हिंडणे हेच मुख्य आहे तेथे. झपाट्याचे द्वंद्व असलेल्या खेळात मात्र ३० फ्रेमांचा विलंब हाताला बोचतो. तेथे सावल्यांचा सूक्ष्मपणा सोडावा आणि ठेका राखावा. सावलीच्या नकाशाची बाजू २०४८ वरून ४०९६ केली तर त्यातील बिंदू चौपट होतात. धावत्या खेळाडूला त्या चौपटीतले किती दिसते, हा प्रश्न निवडीपूर्वीच विचारलेला बरा.

६

अल्प गणनेतून प्रकाशाचे श्रेष्ठ दर्शन घडविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंतांनी चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ जिवंत ठेवला आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एक दिवा, एक पडदा आणि नक्षी कोरलेले चामडे एवढ्या सामग्रीत तेथे युद्धही उभे राहते आणि वनवासही. बाहुली पडद्याजवळ आली की रेघ तीक्ष्ण, दिव्याकडे सरकली की छाया मोठी व धूसर. प्रकाशाचे भौतिकशास्त्र येथे पूर्णपणे राबते, पण कलावंत त्यातून हवे तेवढेच घेतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडविलेल्या 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) या खेळात कथेचे दुवे याच जातीच्या सपाट, छायाबाहुलीसदृश आकृतींतून सांगितले आहेत, उर्वरित जग राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैली यांवर आधारलेले आहे. हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या हाती धरण्याच्या, तुलनेने अल्पशक्ती यंत्रावर आला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यात दृश्य कोठून दिसावे हे बहुतांशी खेळच ठरवितो. त्यामुळे रंगमंचाप्रमाणे प्रत्येक दृष्टिकोनासाठी उजेड रचता येतो, आणि चहूकडून पाहिल्या जाणाऱ्या जगासाठी करावा लागणारा हिशेब वाचतो. शैली ही येथे दारिद्र्य झाकण्याची युक्ती नाही. मर्यादेचे रूपांतर गुणात करण्याची ती रीत आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. हे विवेचन साधनांच्या अभावाचे तत्त्वज्ञान करीत आहे. उत्तम यंत्र हाती असते तर औचित्याची भाषा सुचली नसती, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे, पण मर्यादित. जयगडचा किल्ला एखाद्या खेळात उभा करावयाचा झाल्यास काय घडेल, याचा विचार करावा. तेथील सडा जांभ्या दगडाचा. दुपारचे ऊन त्यावर पडले की परतणारा प्रकाश तांबूस होतो आणि जवळच्या सावलीतही तो तांबूसपणा झिरपतो. एका पृष्ठभागाचा रंग दुसऱ्यावर उतरण्याचा हा परिणाम वगळला तर कोकणचे ऊन कोकणचे राहत नाही. आणि तो दर फ्रेमला गणण्यासाठी बलवान यंत्र खरोखरच लागते. परंतु खेळात वेळ सदैव दुपारचीच असेल तर हाच परिणाम आधी गणून भिंतींवर साठवता येतो व साध्या यंत्रावरही दिसतो. सूर्य हलणार असेल तरच दर फ्रेमच्या गणनेला पर्याय कमी उरतात. म्हणजे साधने विपुल असोत वा अल्प, प्रश्न तोच राहतो : या खेळाला कोणता बदलता प्रकाश खरोखर हवा आहे ?

शिवाय प्रत्येक प्रकाशाला कोठे तरी इंधन जळते. ३०० वॉट खेचणारे कार्ड रोज चार तास पूर्ण भाराने चालले तर दिवसाला १.२ युनिट वीज जाते. जयगडलाच प्रत्येकी ३०० मेगावॉटचे चार संच असलेला १२०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे. वीज कोळशातून येते, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. किनाऱ्यावरील दमट उन्हाळ्यात लॅपटॉप तापतो, तापला की स्वतःची गती उतरवतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत समाधानकारक वाटलेले मॉड अर्ध्या तासाने अडखळू लागते. फ्रेमांना ६० ची मर्यादा घालणे हा साधा उपाय उष्णता, वीज आणि ठेका या तिन्हींना एकदम सांभाळतो. चाचणी थंड यंत्रावर न करता तापलेल्या यंत्रावर करावी, हा नियम यातूनच निघतो.

७

एकंदर विवेचनावरून निवडीच्या कसोट्या पुढीलप्रमाणे ठरतात. उजेडाला दृश्य उगम आहे काय, ही पहिली. देखावा आणि खेळाचा नियम यांत संगती राहते काय, ही दुसरी. अंधार वाचता येतो काय, म्हणजे तो अर्थपूर्ण आहे की केवळ काळोख आहे, ही तिसरी. आणि सर्वांत जड जागी, तापलेल्या यंत्रावर ठेका टिकतो काय, ही चौथी. चारही कसोट्यांना उतरल्यावरच झगमगाटाचा विचार करावा. मॉड्स एकेक करून घालावी आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजावे. एकदम दहा घातली तर दोष कोणाचा आणि गुण कोणाचा, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

या कसोट्यांचे महत्त्व एखाद्या खेळाच्या देखाव्यापुरते नाही. प्रकाशाच्या सौंदर्याचे मानदंड सर्वांत महागड्या यंत्रावर घेतलेल्या स्थिर चित्रांनी ठरविले, तर बहुसंख्य खेळाडू कायमचे उणेपणात राहतात. जे त्यांच्या पडद्यावर उमटू शकत नाही तेच सुंदर, असे त्यांना शिकविले जाते. ठेका, उगम, नियम आणि अंधार या चार गोष्टी मात्र साध्या यंत्राच्याही आवाक्यात आहेत. समीक्षेने त्यांना अग्रस्थान दिले, तर रुची आणि ऐपत यांची झालेली गल्लत सुटेल, आणि नव्या माध्यमाची पारख त्याच्या स्वतःच्या लयीवरून होऊ लागेल.